निळ्या छत्रीवालीची नोंद

अण्णांनी आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासली होती. तराजूचा काटा केसभर हलला तरी त्यांना समोरच्या फुटपाथवरून दिसायचा. असं ते स्वतःच सांगत. दुसरं कोण सांगणार? त्यामुळे गळक्या छपरासाठी साठवलेली रक्कम एका कंपनीच्या शेअरमध्ये घालायचं मनात आलं, तेव्हा त्यांनी सल्लागाराला उडवून लावलं. कंपनी पाळीव प्राण्यांचं खाद्य आणि बागेचं सामान विकणारी.

"कागद कुणीही रंगवतं. मी दुकानात बसून गिऱ्हाइकं मोजणार. आठ दिवस. मग ठरवू."

"छप्पर थांबेल," त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणाल्या. "त्याला सवय आहे."

अण्णा रोज दहाच्या ठोक्याला कंपनीच्या नाक्यावरच्या दुकानात जात, खताच्या पोत्यांआड स्टुलावर बसत आणि वहीत टिपत. पहिल्या दिवशी चार गिऱ्हाइकं, त्यातलं एक पत्ता विचारायला आलेलं. पाचव्या दिवशी रांग पार दाराबाहेर! पोपटाच्या पिंजऱ्यावरून तर दोघींची जुंपली. अण्णांची छाती पोत्याहून फुगली.

आठव्या दिवशी ते घरी आले ते गड जिंकल्यासारखे.

"उद्याच शेअर घ्यायचे. काय ती रांग! अशी कंपनी ओळखायला नजर लागते."

काकूंनी गळतीखालची बादली पायानं सरकवली. "दुकानातली बाई माझ्या गाण्याच्या वर्गातली आहे. तिला वाटलं, दुकान बंद करायचं का ते बघायला मुख्य कचेरीतून साहेब आलाय. नोकरी जाईल म्हणून बिचारीनं वर्गातल्या सगळ्यांना फोन केले. रांगेत उभ्या राहा, सामान संध्याकाळी परत करा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"मीही होते. तीन दिवस. तुमच्यापासून दोन हातांवर."

"शक्य नाही. एकूण एक गिऱ्हाईक टिपलंय मी."

काकूंनी वही ओढली, पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं, "निळ्या छत्रीवाली. तीनदा आली. वयस्कर, कटकटी, पण दिसायला बरी."

दारामागे निळी छत्री निथळत होती. अण्णांनी छत्रीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग बराच वेळ छपराकडे.

"शेवटचे दोन शब्द तरी अचूक आहेत की नाही?" ते मान ताठ ठेवून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छपराचा कारागीर आला. अण्णा अंगणात स्टूल टाकून त्याचे पत्रे मोजत बसले. दोनदा मोजले. दोन्ही वेळचे आकडे काही जुळेनात.