सर्व्हरची खंडेनवमी

नारळ पहिल्याच दणक्यात फुटला, तेव्हा महिपतकाकांना वाटलं, चला, आपला हात अजून बसलेला आहे. खंडेनवमी होती. धायरीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर इंजिनियर पोरांनी सॉफ्टवेअरची कंपनी थाटली होती. पोरं जेवायला खाली गेली होती आणि वर एकटे काका होते. झेंडू, हळद-कुंकू, पेढे, सगळं त्यांनी स्वतःच आणलं होतं.

कारखान्यात या दिवशी काकांचा रुबाब असायचा. प्रेस बंद करायचा, रॉकेलनं लख्ख पुसायचा, हार घालायचा, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. मॅनेजरसुद्धा चपला काढून नमस्कार करायचा. पुढं परदेशी मशिनं आली, माणसं जास्त झाली, आणि काकांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं. शेजारच्या सुदर्शननं ही कंपनी काढली तेव्हा त्यानं काकांना ऑफिस सांभाळायला बोलावलं. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते काकांना अजून उमगलं नव्हतं. पोरं दिवसभर काचेकडं बघत बसायची, कुणाच्या हाताला काळं लागायचं नाही, आणि संध्याकाळी म्हणायची, दमलो. आज मात्र काकांच्या हातचं काम निघालं होतं.

त्यांनी ओळीनं सगळी मशिनं बंद केली. ओल्या फडक्यानं पुसली. कीबोर्डावर जे बटण सगळ्यात मोठं दिसलं त्याला मानाचं कुंकू लावलं. मग कोपऱ्यातल्या खोलीत गेले. तिथं सगळ्यात थोरला डबा होता आणि त्याचा पडदा काळा होता. हा रिकामाच बसलाय, असं म्हणत त्यांनी त्याचंही बटण दाबलं. बटण ऐकेना, म्हणून भिंतीवरचं दाबलं. तशी खालची बॅटरी टीं टीं करून बोंबलायला लागली. कारखान्यात भोंगा वाजला की आधी भोंगा बंद करायचा, ही काकांची जुनी सवय. त्यांनी बॅटरीची वायर उपटली. सगळं शांत झालं. मग डब्याला हार घातला आणि उंबऱ्यावर नारळ फोडला.

पोरं वर आली तेव्हा काका हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभे होते. पेढा कुणी घेतला नाही. त्यांच्यातली चैताली सरळ कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि हार घातलेल्या डब्यासमोर तशीच उभी राहिली. राकेशनं हळूच काकांना सांगितलं की पडदा काळा असला तरी आत काम चालू होतं. परवापासून चैतालीची चाचणी त्यावर सुरू होती. तिचा निकाल संध्याकाळी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला दाखवायचा होता, कंपनीचं ते एकुलतं एक गिऱ्हाईक, आणि चाचणी अर्ध्यात तुटली की पुन्हा पहिल्यापासून. काकांच्या हातातला बॉक्स वाकडा झाला. एक पेढा घरंगळत टेबलाखाली गेला.

आता शिव्या पडणार, काकांनी मान खाली घातली. पण सुदर्शनच्या कंपनीत शिव्या द्यायची पद्धत नव्हती. त्यानं पहिल्याच दिवशी नियम केला होता: ही इंजिनियर लोकांची कंपनी आहे, इथं चूक माणसाची नसते, व्यवस्थेची असते. ओरडायचं नाही. गोल बसायचं आणि फळ्यावर ‘का?’ लिहून मुळापर्यंत जायचं.

सगळे गोल बसले. काकांना मधली खुर्ची दिली, वर पाणीही दिलं.

“सर्व्हर का बंद झाला?” सुदर्शननं गोड आवाजात विचारलं.

“मी बटण दाबलं.”

“छान. का दाबलं?”

“खंडेनवमी आहे.”

सुदर्शननं फळ्यावर ‘खंडेनवमी’ लिहिलं आणि खाली बाण काढला. राकेशनं विचारलं, खंडेनवमीला मशीन बंद का ठेवतात. काका म्हणाले, तेही वर्षभर राबतं, एक दिवस त्याला विसावा. यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी फळ्याच्या तळाशी निष्कर्ष आला: ‘बटणावर झाकण नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. सुदर्शननं काकांना समजावलं की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दोष झाकणाचा आहे.

काकांचे कान तापले. उभी हयात मशिनावर काढली, आणि आज आपली चूकसुद्धा कुणी आपली म्हणेना.

सुदर्शननं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि कसंबसं परवापर्यंत निभावून आणलं. म्हणजे दसऱ्याला बसावं लागणार. चालेल ना, त्यानं सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले चालेल. चैताली हातातल्या मोबाइलकडं बघत राहिली. काका तिच्यापुढं हात जोडून म्हणाले, “पोरी, चुकलो.”

“नाही काका, झाकणाचा...” ती म्हणाली आणि तिथंच तिचा बांध फुटला.

“झाकण कसलं डोंबलाचं. अहो, अक्कल गहाण टाकलीये का तुम्ही? न विचारता बटणं कसली दाबता? आई तिकडं विश्रांतवाडीत बॅग भरून बसलीये. रात्रीची नागपूरची गाडी आहे आमची, उद्या दीक्षाभूमीवर जायचंय. बाबा गेल्यापासून तिचं जाणं झालं नाही, वर्षभर मागं लागली होती. आता तिला काय सांगू, हार घातला म्हणून?”

काका मान खाली घालून उभे होते. डोळे भरले होते, पण दुपारपासून पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती.

“चैताली, आपल्याकडं असं बोलत नाहीत,” सुदर्शन म्हणाला आणि सवयीनं खडूकडं त्याचा हात गेला.

“तिला बोलू दे,” काका म्हणाले. “नागपूरचं तिनं मघाशी गोलात का सांगितलं नाही, तेवढं विचार.”

सुदर्शननं खडू ठेवला. चाचणी सुरू करून दे आणि नीघ, पुढं दोन दिवस मी बसतो, असं तो तिला म्हणाला. चैतालीनं मशीन चालू केलं, मोठ्या बटणावरचं कुंकू ओढणीनं पुसलं आणि तासाभरात बाहेर पडली. जाताना तिनं काकांकडं पाहिलं नाही. बॉक्समधून दोन पेढे मात्र उचलले, एक आईसाठी असणार.

बाकीची पोरं पांगली. काका उंबऱ्यावरचं नारळाचं पाणी पुसत बसले होते. सुदर्शन येऊन त्यांच्याजवळ उभा राहिला, घुटमळला, इकडं तिकडं पाहिलं.

“काका,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “मी पण थोडं बोलून घेऊ का? दुपारपासून पोटात साठलंय.”

काका फडकं ठेवून उठले. शर्ट खाली ओढला, हात मागं बांधले, मान खाली घातली.

“दार लावून घे,” ते म्हणाले, “आणि बोल.”