एक दाढ चाचांची, एक सासऱ्यांची

लग्न महिन्यावर आलं आणि माझी डावी अक्कलदाढ ठणकू लागली. मी घरात जाहीर केलं, की हा मामला मी, वासिफ, एकटा मिटवणार. दाढ हिरडीखाली आडवी झोपली होती. अलिबागच्या डॉक्टर अमिषांनी दोन मार्ग सांगितले. ड्रिलने हाड कोरून दाढेचे तुकडे करून काढायचे. काम झटपट, पण सूज जास्त. किंवा कंपनांच्या यंत्राने हाड हळूहळू कापायचं. वेळ लागतो, पण सूज कमी.

"लगीन ठरल्यावर असं परस्पर काय करायचं न्हाय," अम्मी म्हणाली. "दोन्ही घरच्या मोठ्यांना विचार." आमच्याकडे मांडवाचा रंगही असाच ठरतो. मी विचारलं आणि तिथेच फसलो.

सिराजुद्दीन चाचांनी आखातात जन्मभर काँक्रीटला भोकं पाडली होती. ते म्हणाले, "ड्रिलच. दाढ काय पिलरपेक्षा कडक हाय?"

बोर्ली पंचतनचे माझे होणारे सासरे म्हणाले, "आमच्या जावयाच्या हाडाला ड्रिल लागणार न्हाय."

चाचांना यात खानदानाचा अपमान दिसला. सासऱ्यांना चाचांचा आवाज खटकला. जुम्म्यापर्यंत दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं आणि मांडववाल्याला थांबायचा निरोप गेला. दाढ मात्र थांबेना. मी भातसुद्धा न चावता गिळत होतो. अक्साशी लग्न व्हावं एवढंच मला हवं होतं. तोंडाचं काय वाटेल ते करा, इतका मी कंटाळलो होतो.

शेवटी अम्मीनेच तोड काढली. एक्स-रेमध्ये उजवी दाढही आडवीच होती. मग डावी चाचांच्या पद्धतीने, उजवी सासऱ्यांच्या.

"उजवी गप्प आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिला कशाला उठवता?"

"डॉक्टर, लग्न मोडतंय हो," मी म्हणालो.

दोन्ही काढल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे निकाल बघायला आले. चाचांनी माझा उजवा गाल दाबला, सासऱ्यांनी डावा. "ही बघा सूज," दोघंही एकदम म्हणाले. आपणच जिंकलो अशी खात्री पटल्यावर दोघांनी तारीख पक्की केली आणि बिर्याणीला बसले. मी कोपऱ्यात थंड पेज पीत होतो.

संध्याकाळी अक्साचा फोन आला. "लई दुखतंय?"

मी हुंकार दिला.

"एक सांगू? माझ्या चारही आडव्या हायत. मी घरी कुणाला बोलली न्हाय. तुम्हीपण बोलू नका."

मी फोनवरच मान हलवली. बोलायला तोंड उघडत होतं कुठे?