रिकाम्या घरीं मीटर कोणासाठी धावतें, याची हकीकत

श्रीविद्युद्देवता प्रसन्न असो, आणि तिचें देयक सौम्य अंकीं येवो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. "घरात कोणी नसताना तुमचं मीटर कोणासाठी पळतं?" ऐसा सवाल राजकन्या ऋजुताबाईंस त्यांच्या सख्या शमा आणि गार्गी यांनी जिन्याखालीं केला, तेथोन हें वर्तमान सुरू जाहलें. राज्य म्हणावें तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. राजे हेरंबराव आणि राणीसाहेब माधवीबाई उभयतां सकाळींच डबे घेऊन चाकरीचे मोहिमेवर कूच करीत, ते दिवेलागण उलटोन परत येत. थोरली राजकन्या सई शिक्षणास्तव दूरदेशीं वसतिगृहीं रवाना जाहलेली. आणि गडावर राहिली एकटी ऋजुताबाई, वय वर्षें पंधरा, नुकतीच वक्तृत्वाची ढाल जिंकोन आलेली, म्हणोन कंठ मोठा खुला. जिन्याखालीं साऱ्या इमारतीचीं मीटरें एका फळीवर रांगेनें मांडिलीं असत, आणि ज्याचे घरीं वीज खर्च होई त्याचे मीटरावरील इवला लाल दिवा लुकलुके, खर्च जास्त तर लुकलुक जलद. गार्गीनें बोट दाखविलें आणि म्हणाली, "बघ, तुमचा कसा धाप लागल्यासारखा करतोय! आईबाबा ऑफिसात, तू इथे. मग आत कोण, भूत जेवतंय?" आणि शमा म्हणाली, "भर जेवणात बाबांना विचार. पण नाही विचारणार तू, लाव पैज!" ढालकरीण ती, माघार कैसी घेईल?

मग ताटें मांडिलीं असतां तिनें तोच सवाल जसाच्या तसा दरबारीं केला, आणि राजे यांचा घास हातींच राहिला. "म्हणजे कोणीतरी आपली वीज चोरतंय!" ऐसें गर्जोन त्यांनी रविवारीं मोहीम ठरविली. राजे वरती बटणांपाशीं, राणीसाहेब मधल्या मजल्याचे वळणावर, आणि राजकन्या तळीं मीटरापुढें, ऐसे मोर्चे लागले. मग वरोन आरोळी, "पंखे बंद!" आणि मधून राणीसाहेब, "पंखे बंद गं!" आणि तळाहून, "अजून लुकलुकतोय!" मग दिवे, मग टीव्ही, मग टीव्हीचा तो छोटा डबा, आणि दर आरोळीस दिवा मंदावत गेला, आणि शेजारपाजार दारांत येऊन हंसूं लागला, आणि शेवटीं "फ्रीज बंद!" होतांच राजकन्या ओरडली, "थांबला! बाबा, थांबला!" सारें बंद करितां मीटर बंद, तस्मात् चोर नाही, भूतही नाही. मग राजे-राणी तळीं उतरोन आले, आणि राणीसाहेब पायरीवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ऋजू, तू क्लासला जाताना दिवे आणि टीव्ही चालू ठेवून जातेस का गं?" भर सभेंत न डगमगलेली ती, तेथें मीटराकडे तोंड फिरवोन उभी राहिली. मग म्हणाली, "सई गेल्यापासून. परत आल्यावर आत कोणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. बातम्या असल्या तरी चालतं." राजे यांनी चष्मा काढोन पुसला, पुन्हां चढविला, पुन्हां काढिला. परंतु हुकूम तो हुकूम: "बाहेर पडताना सगळं बंद." आणि किंचित् थांबोन, "फ्रीज सोडून."

तेव्हांपासोन मीटर शांत जाहलें आणि राजे संतोष पावले. परंतु राजकन्या रोज सायंकाळीं कुलूप काढी तों आंत काळोख उभा, आणि आपल्याच चपलांचा आवाज आपणांस ऐकूं ये, आणि ती मोठ्यानें म्हणे, "मी आले!" आणि "आलीस?" म्हणणारें कोणी नसे. मग तिनें मुक्काम जिन्याखालीं हलविला, आणि शास्त्राचें पुस्तक मांडीवर घेऊन मीटरांपुढें पायरीवर बसूं लागली, कीं येथें येणारे जाणारे निदान "काय गं, अभ्यास?" इतकें तरी पुसत. ऐसें असतां एके सायंकाळीं मीटरांचे अंक टिपणारा इसम आला, आणि एकेका मीटराचें छायाचित्र मोबाइलांत घेत घेत तिच्या घरासमोरील बिऱ्हाडाचे मीटरापाशीं थबकला आणि म्हणाला, "ताई, इथे कोणी राहतं का? आकडा हलतच नाहीये. बंद घर लिहू?" राजकन्या ताडकन् म्हणाली, "राहतात की! यमुनामावशी राहतात!" आणि बोलोन गेल्यावर तिचे ध्यानीं आलें, कीं मावशी नजरेस पडोन कैक दिवस लोटले होते. हीच ती यमुनामावशी, जी पूर्वी पाळणाघर चालवी, आणि राजे-राणी चाकरीस जातां ऋजुताबाईस तान्हेपणापासोन जिनें सांभाळिलें. पुढें गुडघे दुखावले, पाळणाघर मोडलें, आणि शाळकरी झालेल्या राजकन्येचें जाणें येणें राहोन गेलें. मीटरावरचा दिवा पाहिला तर निजलेला. मग राजकन्या दोन दोन पायऱ्या चढत धांवली आणि घंटा वाजविली. आंतोन कांहीं नाही. पुन्हां वाजविली, आणि मग ती दारावर हातच मारूं लागली, तों आंतोन पाय ओढल्याचा आवाज आला आणि, "अगं हो, हो! दार मोडशील!"

दार उघडलें, आणि मावशी धडधाकट, परंतु मागें सारा काळोख. "मावशी, लाइट गेलेत तुमच्याकडचे?" "नाही गं. एकटीला काय लावायचा दिवा? सगळं जागच्या जागी आहे, हाताला सापडतं." आणि फ्रीजही बंद करोन ठेविला, कीं अर्ध्या लिटर दुधासाठी कशास तो घरघरत ठेवावा. तेव्हां राजकन्या उंबऱ्यावर खिळली, आणि तिचे चित्तीं आलें जे, आपण ओस घर भरलें दिसावें म्हणोन दिवे जाळिले, आणि येथें माणूस असोन घर ओस म्हणोन लिहिलें जात होतें. मग मावशी म्हणाली, "ये ना आत. थांब, दिवा लावते. दिवा मालवला की भोकाड पसरायचीस तू, माहितीये ना?" दिवा लागला, तों छतास पाळण्याची कडी तैसीच होती. मग मावशी मटार सोलीत बसली आणि म्हणाली, "ढाल मिळवलीस म्हणे? म्हण की ते भाषण. आणि मोठ्यानं म्हण, इथे कुणाची झोप मोडत नाही." आणि राजकन्येनें तें सबंध भाषण हातवाऱ्यांसह केलें, आणि खालीं जिन्यापाशीं तो निजलेला दिवा लुकलुकूं लागला असेल, तो पाहावयास कोणी नव्हतें.

येणेंप्रमाणें रिकाम्या घरीं मीटर कोणासाठी धावतें त्याचा उलगडा जाहला आणि सख्यांची पैज जिंकिली. राहिली दरबारांतील घोषणा. दुसरे दिवशीं जेवतेसमयीं राजकन्या उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून क्लास सुटला की तुम्ही येईपर्यंत मी यमुनामावशींकडे बसणार." राजे म्हणाले, "एवढी पंधरा वर्षांची घोडी, पुन्हा पाळणाघरात?" "हो, पुन्हा. मावशींना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात." "अगं, पण त्यांचं मीटर वाढेल ना?" "वाढू दे, बाबा! वाढायलाच हवंय ते. आपल्या घरात अंधार दिसला तर घाबरू नका. समोरची बेल वाजवा, मी दार उघडीन आणि म्हणेन, आलात?"