महादेवप्पांचं मीडियम

लातुरात मीडियम म्हटलं की लोक मराठी, सेमी नाहीतर इंग्लिश एवढंच समजतात. महादेवप्पांना ते अळ्यांसाठी हवं होतं, म्हणजे ज्यात अळ्या राहतात आणि जे खाऊन वाढतात ते.

किल्लारीकडचं गाव भूकंपात पडल्यावर ते लातुरात आले, नोकरी करून निवृत्त झाले. गल्लीत घरांपेक्षा क्लास जास्त झाले, तसा त्यांना लहानपणचा शिंगाचा भुंगा आठवू लागला. पायाला दोरा बांधला की डोक्याभोवती गुंगुं करत फिरायचा. एकदा कुंडी बदलताना मातीत तीन गुबगुबीत पांढऱ्या अळ्या निघाल्या. त्यांचे भुंगे करायचेच म्हणून अप्पांनी त्या टबात पाळल्या. बायको शिवकांताबाई त्यांना हुमणी, म्हणजे पिकाची कीड म्हणत, अप्पा पोरं म्हणत.

सुताराकडचा भुसा घातला, पोरांनी तोंड लावलं नाही. नारळाचा भुगा वाळून गेला. पोरं रोडावली, तसे अप्पा जुन्या गावी गेले. इतकी वर्षं त्यांचा तिकडे पाय वळला नव्हता. घराच्या जागी बाभळी होत्या. परसातला उकिरडा तेवढा जागेवर होता. तो मुळात खड्डाच, पडणार कुठं? अप्पा तिथं बसून पोटभर रडले आणि पोतंभर काळं कुजकं खत घेऊन एसटीत चढले.

आठवडाभरानं ते ओसरीत फोनवर पुतण्याला सांगत होते, "मीडियमच चुकत होतं बघ. खाईनात, वाढंनात. आता गावाकडचं दिलं, तर पोरं अंगानं दुप्पट झाली."

हे ऐकलं फाटकाबाहेर उभ्या असलेल्या देगलूरच्या अण्णारावांनी. त्यांची लेक वर्षाराणी शेजारच्या हॉस्टेलात महिनाभर धड जेवत नव्हती. क्लास बदलावा की काय, याच घोरात ते होते. ते थेट आत आले.

"सर, किती पोरं घेताव?"

"तीनच. जास्त झाली की एकमेकाला चावतात."

अण्णाराव जरा दबकले. राहायची सोय विचारली, तर पोरं अंधारात ठेवतो आणि कुणाला हात लावू देत नाही, असं कळलं.

"आन् निकाल?"

"एकाला जरी शिंग फुटलं, तरी पुरे हाय मला."

अण्णारावांनी भीतभीतच प्रवेशासाठी पोरीचं नाव सांगितलं. अप्पांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. त्यांनी टबावरचं फडकं काढलं. अण्णारावांना अळ्या दिसल्या. माणूस आता चिडणार, असं अप्पांना वाटलं. पण ते वाकले आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

"आमच्या गोठ्याचा वास यायलाय, सर," ते म्हणाले. "पोरीला सांजच्याला घटकाभर हितं बसू द्याल का?"

वर्षाराणी आली. टबाजवळ बसून तिनं अप्पांकडून जुन्या गावाच्या गोष्टी ऐकल्या आणि समोर आलेल्या दोन भाकरी मुकाट्यानं संपवल्या. टब घराबाहेर काढा म्हणून रोज भांडणाऱ्या शिवकांताबाईंनी तिसरी थापायला घेतली.

"मानवलं म्हणायचं पोरीला मीडियम," त्या म्हणाल्या.