खसच्या वासाची फियाट

फरहतने गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा कॅन लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. तिची लेक दुआ हाती लागेल ते तोंडात घालायची. त्यात कूलंट हिरवंगार, गोड आणि जहरी, असं फरहतने मोबाइलवर वाचलं होतं. मग साखरेने दात किडतात म्हणून लग्नाच्या खस शरबताचा कॅनही तिने उचलून गाडीच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. तेव्हा कुठे तिला श्वास आला.

या सगळ्या धांदलीचं कारण तिची नणंद अर्शिया. उद्या निकाह, आणि तिचा एकच हट्ट. "सासरी जाईन तं अब्बाच्या फियाटमंदीच!" अब्बा गेल्यापासून ती गाडी ताडपत्रीखाली होती. परवा तिच्या होणाऱ्या सासूबाई नुजहतबींनी गाडीचं दार उघडलं आणि ओढणी नाकाला लावली. "उंदरं मुतले याच्यात! आमची दुल्हन यात नाही बसन. आमी नवी गाडी पाठवू." शेवटी, आज त्या पुन्हा पाहतील आणि मग ठरवतील, यावर मिटलं.

सकाळपासून शेडमध्ये तेलांची पंचायत भरली होती.

"जुनं इंजिन हाय, जाडं तेल टाक," फरहतचा नवरा फय्याज म्हणाला.

"जाडं तेल तुमच्या डोक्याले लावा," प्रेमसिंग मिस्त्री म्हणाला. "गाडीच्या पुस्तकात लिवलं थेच टाकीन. ब्रेक ऑइल तं सारंच बदलवा लागते. जुन्यानं पाणी वढलं असन. अन् कूलंट कुठं हाय?"

"थो काय पांढरा कॅन, तुह्या मागंच!" मंडपवाल्याशी फोनवर भांडता भांडता फय्याजने बोट दाखवलं.

प्रेमसिंगने झाकण काढलं. हिरवंगार. ओतलं.

नुजहतबी आल्या. अर्शियाने शरबताचा ग्लास दिला. तिकडे गाडी सुरू झाली, अंगणात दोन फेऱ्या झाल्या आणि बोनेटमधून वाफ निघाली. वाफेला खसचा घमघमाट!

फरहत ताडकन उठली. शरबत गाडीत? मग ग्लासात काय?

"थुंका, खाला, थुंका!" तिने नुजहतबींच्या हाताला असा फटका मारला, की ग्लास उडाला आणि नवाकोरा पांढरा कुर्ता हिरवा झाला.

"पागल झाली काय वं?"

"भाभी!" अर्शिया रडकुंडीला आली. "शरबत तं म्या सकाळीच काचेच्या जगमंदी काढून ठेवलं व्हतं! अन् कूलंटची किल्ली तुमच्याच गळ्यात हाय!"

नुजहतबी उठल्या आणि थेट गाडीकडे गेल्या. दार उघडलं, डोकं आत घातलं. अर्शियाने डोळे मिटून घेतले.

"उंदरं कुठं गेले?" आतून आवाज आला. मग एक लांब श्वास. "दुल्हन याच गाडीत येईन. पण हे अत्तर कोणतं टाकलं?"

प्रेमसिंगने तोंड उघडलं, तोच फरहत म्हणाली, "घरचंच हाय, खाला."

दुसऱ्या दिवशी रेडिएटर धुऊन धुऊन प्रेमसिंगचे हात गोड झाले. मग त्यात कूलंटचा अख्खा कॅन रिकामा झाला. वऱ्हाडाला साधं पाणी मिळालं, कारण जगमध्ये उरलेलं शरबत फरहतने वासासाठी एका उघड्या बाटलीत भरून मागच्या सीटखाली ठेवलं होतं.

विदाईच्या वेळी नुजहतबींनी खिडकीतून नाक आत घातलं. "आज अत्तर कमी येऊन राह्यलं."

नवरीच्या मांडीवरून दुआने त्यांना हिरवीगार जीभ दाखवली.

आयुष्यात पहिल्यांदा फरहत तिला 'थुंक' म्हणाली नाही. "चाल, प्रेमसिंगभाऊ," ती स्टिअरिंगवर बसलेल्या मिस्त्रीला म्हणाली, "लवकर चाल!"