समितीच्या आदेशावरून

क्लेमंट गॅरड तीन आठवड्यांनी निदरकोटला परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या सभागृहात डोकावला, तर खुर्ची होती तिथेच होती. सभागृहाच्या भर मधोमध. तिच्या अल्याड-पल्याड दोन म्हातारे आणि दोन म्हाताऱ्या बॅडमिंटन खेळत होत्या. जाळी खुर्चीला वळसा घालून बांधली होती आणि फूल खुर्चीवर पडलं तर गुण कोणालाच नाही, असा नवा नियमही झालेला दिसत होता.

ती खुर्ची क्लेमंटनेच तिथे ठेवली होती.

हे सभागृह पाचशे वर्षांपूर्वी लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. तिथे साधा खिळा मारायचा तर जिल्हा कचेरीची परवानगी लागते. जमिनीची एक ओकची फळी सुटली, तेव्हा सभागृह समितीचा सभासद म्हणून देखभालीचं काम फुकटात करणाऱ्या क्लेमंटने खिळ्याऐवजी सरस लावला. सरसाला परवानगी लागते की नाही, हे त्याने मुद्दामच कोणाला विचारलं नाही. फळी दबून राहावी म्हणून वर एक लोखंडी पायांची नारिंगी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यावर वाळूची पिशवी, आणि पाठीला कागद चिकटवला: ‘कृपया ही खुर्ची हलवू नये.’ नुसत्या विनंतीला या गावात कोणी भीक घालत नाही, म्हणून खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली: ‘समितीच्या आदेशावरून.’ सरस वाळायला चार तास लागणार होते. तेवढ्यात क्रोमरहून फोन आला, की बहीण जिन्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला. क्लेमंट तसाच निघाला. पुढचे तीन आठवडे तो बहिणीला सूप पाजत होता आणि खुर्ची त्याच्या डोक्यातून साफ गेली होती.

निदरकोटची माणसं मात्र लिहिलेल्या शब्दाला जागणारी. योगासनवाल्या बायका खुर्चीभोवती गोल करून झोपू लागल्या. नाटक मंडळाने राजाचं मरण खुर्चीशेजारी हलवलं आणि ते आता जास्त परिणामकारक होतं, असं सगळ्यांचं मत पडलं. वाळूची पिशवी तेवढी कोणीतरी उचलून नेली, कारण पिशवीबद्दल कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

क्लेमंट पुढे होऊन खुर्ची उचलणार, इतक्यात समितीच्या अध्यक्षा मिसेस थर्कटल आत आल्या. सहा फूट उंच, आवाज त्याहून मोठा.

“आलात? बरं झालं. ही खुर्ची म्हणजे नसती डोकेदुखी आहे हो. पण ठराव तो ठराव. तुम्हाला आठवतोय ना?”

खरं सांगायला एवढा वेळ पुरेसा होता. पण भल्या माणसाने बाईंचं म्हणणं तोंडावर खोडून काढायचं कसं? क्लेमंट म्हणाला, “हो, तसा... अंधुकसा.”

एवढ्यानेच घात झाला.

गुरुवारी समितीची बैठक भरली. खुर्चीचा ठराव नेमका कधी झाला, ते पाहायचं ठरलं. चिटणीस मिसेस आयव्ही पेटिंगिल यांनी इतिवृत्ताची वही उघडली. चौतीस वर्षं त्या इतिवृत्त लिहीत होत्या आणि या काळात त्यांच्या हातून एक स्वल्पविराम सुटला नव्हता. त्यांनी वही पुढून चाळली, मागून चाळली. ठराव नव्हता. बाकीच्या सभासदांना मात्र तो चांगला आठवत होता. एकाला तर त्या दिवशीची बिस्किटंही आठवली. आयव्हीबाईंची आणखी शोभा नको, म्हणून मिसेस थर्कटल यांनी तोच ठराव मागच्या तारखेने मांडला आणि अनुमोदन कोण देतं, असं विचारलं. कोणीच बोलेना. ती शांतता क्लेमंटला सोसवेना. एक हात वर गेला, आणि तो आपलाच आहे हे त्याला नंतर कळलं.

आयव्हीबाईंनी ठराव लिहून घेतला. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

दर मंगळवारी सकाळी सभागृहात कॉफीपान असे. त्यानंतर कपबशा आयव्हीबाई धूत आणि क्लेमंट पुसत असे. नऊ वर्षं हा क्रम चालू होता. क्लेमंटच्या आठवड्यात दुसरं काही खास नसे, आणि दुसरं काही असावं असं त्याला वाटतही नसे. या बाईंवर आपला जीव आहे, हे त्याला पहिल्याच वर्षी उमगलं होतं. उरलेली आठ वर्षं तो ते बोलायची योग्य वेळ पाहत होता.

त्या मंगळवारी आयव्हीबाई नळाकडे बघत म्हणाल्या, “अख्खी सभा माझ्या डोक्यातून गेली हो, क्लेमंट. कोण बसलं होतं, काय बोललं, काही म्हणजे काही आठवत नाही. यॉर्कशायरहून मुलगा सारखा म्हणतोय, इकडे ये राहायला. आता वाटतं, जावं.”

आता बोललंच पाहिजे, हे क्लेमंटला कळत होतं. तो म्हणाला, “हा कप अजून ओलाच आहे.”

घरी जाऊन त्याने स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग त्याला युक्ती सुचली. दुपारी सभागृहात कोणी नसताना त्याने पहिल्या कागदाखाली दुसरा चिकटवला: ‘आता ही खुर्ची हलवण्यास हरकत नाही. समितीच्या आदेशावरून.’

दुसऱ्या दिवशी गावात एकच गोंधळ उडाला. दोन्ही आदेश समितीचेच. त्यातला खरा कोणता? निकाल लागेपर्यंत खुर्चीला कोणी बोटही लावू नये, असं मिसेस थर्कटल यांनी फर्मावलं आणि तातडीची सभा बोलावली. आयव्हीबाईंनी पुन्हा वही उघडली. हाही ठराव वहीत नव्हता. त्यांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे राजीनामा दिला. शनिवारी दुपारी निरोपाचा चहा आणि रविवारी मुलगा न्यायला येणार, असं ठरलं.

शनिवारी सगळं गाव लोटलं. टेबलं खुर्चीला वळसा घालून मांडली होती. काकडीची सँडविचं होती, तीन मजली केक होता. मिसेस थर्कटल यांनी भाषणात आयव्हीबाईंच्या ‘शेवटच्या काळातल्या किरकोळ विस्मृतीचा’ उल्लेख मोठ्या मनाने केला आणि सगळ्यांनी मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या. आयव्हीबाई बशीतल्या केककडे बघत राहिल्या. तो चेहरा क्लेमंटला बघवेना. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने भर सभेत तोंड उघडलं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

“खुर्ची मी ठेवली,” तो म्हणाला. “सरस वाळायला. दोन्ही कागद माझेच. असा ठराव कधी झालाच नाही. वहीत सापडला नाही, कारण तो नव्हताच.”

कोणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

मिसेस थर्कटल म्हणाल्या, “असं कसं, क्लेमंट? मला तो ठराव चांगला आठवतोय. अर्धा तास चर्चा झाली होती. मी स्वतः आधी विरोधात होते.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. बिस्किटंवाला म्हणाला, “आल्याची होती.”

आयव्हीबाईंनी बशी खाली ठेवली. त्यांनी एकेका सभासदाकडे नीट पाहून घेतलं.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “अख्ख्या समितीत डोकं ठिकाणावर होतं ते माझं एकटीचं.”

विषय एकदाचा मिटवायला क्लेमंट घाईघाईने खुर्चीपाशी गेला आणि त्याने ती उचलली. म्हणजे उचलायला गेला. खुर्ची हलली नाही. बॅडमिंटनचे दोन्ही म्हातारे मदतीला आले. तरी हलली नाही. फटीतून वर आलेला सरस इतके आठवडे निवांत वाळला होता आणि त्याने चारही पाय गच्च धरले होते.

सोमवारी जिल्हा कचेरीतून पुरातन वास्तूंच्या अधिकारी आल्या. टॉर्च घेऊन त्या अर्धा तास जमिनीवर ओणव्या होत्या. उठून गुडघे झटकत त्यांनी सांगितलं, की जमीन संरक्षित आहे आणि संरक्षित जमिनीला जे पक्कं जोडलेलं, ते वास्तूचाच भाग. तेव्हा परवानगीशिवाय खुर्ची काढणं हा गुन्हा ठरेल. “मला स्वतःला ती अजिबात आवडलेली नाही,” असंही त्या म्हणाल्या आणि अठरा पानी अर्ज टेबलावर ठेवला. तो चिटणीसानेच भरायचा होता.

मुलासोबतचं जाणं आयव्हीबाईंनी एक दिवस पुढे ढकललं होतं. त्यांनी विचारलं, “आणि मध्येच चिटणीस बदलला तर?”

“मग सगळं पहिल्यापासून,” अधिकारीबाई म्हणाल्या.

आयव्हीबाईंनी नुसतं “बरं” म्हटलं आणि राजीनामा मागे घेतला. संध्याकाळी मुलगा एकटाच यॉर्कशायरला परत गेला. आई सरकारी कामात अडकली आहे, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

मंगळवारी कपबशा झाल्यावर आयव्हीबाई अर्ज घेऊन बसल्या. क्लेमंट फडकं वाळत घालता घालता खांद्यावरून डोकावला. त्याला शनिवारपासून त्यांच्याशी नजर भिडवायचं धाडस झालं नव्हतं, पण डोळ्यांसमोरची चूक त्याला पाहवेना.

“अहो, इथे लांबीच्या जागी रुंदी पडलीय.”

“माहितीये.”

“आणि तारीख गेल्या वर्षीची आहे.”

“तीही माहितीये.” त्यांनी पान उलटलं. “चुकीचा अर्ज परत यायला सहा आठवडे लागतात. मी चौकशी केली. मग दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. एका वेळी एकच चूक दुरुस्त करायची.”

क्लेमंटला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, “एकूण किती आहेत?”

“पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या झाल्या आहेत. पण पानं अजून बरीच उरलीत. बसा की, मला एकटीला कुठवर सुचणार?”

क्लेमंट त्यांच्या शेजारी बसला. आयव्हीबाईंनी पेन पुढे केलं, आणि साक्षीदाराच्या रकान्यात त्याने अगदी सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव चुकीचं लिहिलं.