उरलेले दोन बोल्ट

ओडेल ब्रेकीच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांच्या नजरेतून काहीही सुटत नाही अशी, आणि बाकीची. पहिल्या प्रकारात सध्या तो एकटाच होता, आणि या एकटेपणाचं ओझं आपण हसतमुखानं वाहतो असं तो स्वतःच सांगायचा. मिनेसोटातल्या ऑस्टर लेक गावात एकतीस वर्षं टपाल वाटून तो निवृत्त झाला होता. इतकी वर्षं पाकिटं बाहेरून वाचली की आतला माणूस न फोडता कळतो, हा त्याच्या शास्त्राचा पाया. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यानं वाचनालयातल्या यंत्रावर कार्डं छापून आणली: ‘ओडेल ब्रेकी, खाजगी अन्वेषक. सूक्ष्म निरीक्षण, निर्दय तर्क. गुरुवारी टेनपिन बोलिंग असल्यामुळे बंद.’

आजवर त्यानं सत्तावीस प्रकरणं हाताळली होती. त्यांतली नऊ त्याच्या स्वतःच्या चष्म्याची होती. सगळी प्रकरणं शेवटी सुटली होती, आणि प्रत्येक वेळी हरवलेली वस्तू लव्होननं शोधून दिली होती. लव्होन म्हणजे त्याची बायको. अन्वेषण कार्यालयात तिचा हुद्दा ‘मदतनीस’ असा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं रोज चारशे मुलांना जेवू घातलं होतं, त्यामुळे एक म्हातारा आपण सहज सांभाळू असं तिला वाटायचं. निवृत्तीनंतर वाटेनासं झालं.

अठ्ठाविसावं प्रकरण नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी फोनवरून आलं. फोन लव्होनच्या थोरल्या बहिणीचा, आर्डिसचा होता. आर्डिस एकोणऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, आणि तक्रार करण्याच्या बाबतीत अत्यंत कंजूष.

“काही विशेष नाही गं,” ती म्हणाली. लव्होननं लगेच खुर्ची ओढून घेतली. त्यांच्या घरात ‘काही विशेष नाही’ हे शब्द यापूर्वी आर्डिसचा नवरा गेला तेव्हा वापरले गेले होते.

“शेगडीच्या वर टांगलेला तो नवा मायक्रोवेव्ह आहे ना, त्याचा वाफ ओढणारा पंखा आपोआप सुरू होतो. मी हातही लावत नाही. बंद करायला बटण दाबलं तर बंदही होत नाही. कीथला सांगितलं, तर तो म्हणाला, आई, तूच चालू करतेस आणि विसरतेस.” मग त्याच सुरात ती पुढे म्हणाली, “रविवारी तो मला ती जागा दाखवायला नेणार आहे. म्हाताऱ्यांची. छान आहे म्हणे. तळं दिसतं.”

“तुझ्या घरातूनही तळं दिसतंच की!” लव्होन म्हणाली.

“हो ना,” आर्डिस म्हणाली, आणि हवामानाबद्दल बोलू लागली.

चोपन्न वर्षं त्या घरात काढलेली बाई चार दिवसांत एका पंख्यापायी बाहेर पडणार होती, आणि ते ती पावसाबर्फाच्या सुरात सांगत होती. लव्होननं मागे वळून पाहिलं. ओडेल टोपी चढवून दारात उभा होता.

“बोलिंग रद्द,” तो म्हणाला.

आता हा मायक्रोवेव्ह तिथे कसा आला हेही सांगायला हवं. सप्टेंबरात कीथनं तो आईला वाढदिवसाला पाठवला. कीथ दूर मिनिआपोलिस शहरात राहतो, त्यामुळे आईची काळजी तो खोक्यांतून पाठवतो. खोकं दारात दिसताच ओडेल म्हणाला, “मी बसवून देतो.” ऑस्टर लेकमध्ये कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत आहे. आर्डिसला खरोखरच नको होतं, म्हणून ती तीनदा नको म्हणाली. पण ओडेलनं चौथ्यांदा विचारलं, आणि चौथ्या नकाराची सोय या गावात कुणी करूनच ठेवलेली नाही.

ओडेलनं भिंतीवर टिचक्या मारून आतला लाकडी खांब शोधला, त्यावर टांगणीचा पत्रा ठोकला, मायक्रोवेव्ह वर चढवला आणि तीन तासांत हात झटकले. लव्होननं पाहिलं तर मायक्रोवेव्हची डावी बाजू उजवीपेक्षा खाली होती.

“वेगळं बसलंय,” ती म्हणाली होती. त्या गावात कुणी कशाला वाईट म्हणत नाही. अगदीच नाइलाज झाला तर ‘वेगळं’ म्हणतात, आणि त्याच्यापुढे शिवी नाही. ओडेलला ते कौतुक वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी ओडेलनं आर्डिसच्या स्वयंपाकघराला हिरवी लोकर गुंडाळून ते ‘घटनास्थळ’ म्हणून जाहीर केलं. ओट्यावर बटाट्यांची दोन पोती होती. चर्चच्या जेवणासाठी लागणाऱ्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, दरवर्षी आर्डिसच लाटायची.

“आज बटाटे उकडायचे होते,” आर्डिस म्हणाली.

“शेगडीला हात लावायचा नाही,” ओडेल म्हणाला. “पुरावा वितळेल.”

मग तो खुर्ची टाकून मायक्रोवेव्हसमोर बसला. गुरुवारची दुपार बसला, शुक्रवार अख्खा बसला. तिघांनी दोन दिवस गार सँडविच खाल्ले. पंखा एकदाही हलला नाही.

“बघितलंस?” शुक्रवारी संध्याकाळी ओडेल लव्होनच्या कानात म्हणाला. “गुन्हेगाराला माझी चाहूल लागली.”

“किंवा आपण काही शिजवलं नाही.”

“त्याचा काय संबंध?”

संबंध काय ते लव्होनलाही नेमकं सांगता येईना.

तोवर ओडेलचे तर्क एकावर एक चढत होते. पहिला संशय आर्डिसच्या स्वर्गवासी नवऱ्यावर, व्हर्ननवर. व्हर्ननला तळणाचा वास खपत नसे. “त्याला वरूनही वास येत असणार,” ओडेल म्हणाला.

“आम्ही लुथरन पंथाची माणसं,” आर्डिस शांतपणे म्हणाली. “मेल्यावर परत येत नाही. उगाच कुणाला त्रास कशाला?”

दुसरा संशय समोरच्या घरातल्या गॅरेजच्या रिमोटवर. ओडेलनं त्या भल्या माणसाला थंडीत उभं करून गॅरेजचं दार तेवीस वेळा उघडायला आणि मिटायला लावलं. चोविसाव्या वेळी दार अर्ध्यावर अडकलं. तो माणूस म्हणाला, “असू दे, काही हरकत नाही,” आणि आत जाऊन त्यानं पडदा ओढून घेतला.

शनिवारी सकाळी मात्र ठोस पुरावा हाती लागला. चमच्यांच्या खणात, अगदी मागे, दोन लांबलचक बोल्ट सापडले. ओडेलनं ते चिमट्यानं उचलून फ्रीजरच्या पिशवीत टाकले आणि पिशवीवर तारीख लिहिली.

“हे तुझे आहेत?” त्यानं आर्डिसला विचारलं.

“नाहीत बाई.”

“व्हर्ननचे?”

“व्हर्नन खिळेसुद्धा रंगाप्रमाणे लावून ठेवायचा. त्यानं चमच्यांत बोल्ट टाकले नसते.”

“म्हणजे बाहेरचा माणूस!” ओडेल गरजला. “नवेकोरे बोल्ट. तो आला, त्यानं यंत्रात फेरफार केला, आणि घाईत दोन बोल्ट विसरून गेला. लव्होन, लिहून घे. आणखी एक. गेल्या महिन्यात मी सूपचा वाडगा यात ठेवला, तर सूप डावीकडून सांडलं. का? तो डावखुरा आहे!”

लव्होननं लिहून घेतलं नाही. ती त्या दोन बोल्टांकडे पाहत होती. असेच बोल्ट आपण कुठेतरी पाहिलेत, असं तिला सारखं वाटत होतं.

“कीथ डावखुरा आहे,” आर्डिस हळूच म्हणाली आणि लगेच पस्तावली.

रविवारी चर्चनंतर कीथ आला. पन्नाशीचा, उंच, आईसारखाच अवघडून बसणारा. त्याच्या हातात त्या जागेचं चकचकीत पत्रक होतं. ओडेलनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतः फ्रीजला टेकून उभा राहिला.

आर्डिस मात्र बसली नाही. “चर्चला उद्या लेफ्सा हव्यात,” ती म्हणाली. “तू बोल, ओडेल. मी ऐकतेय.” तिनं लोकर उचलून बाजूला केली, बटाट्यांचं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं आणि आच मोठी केली. चार दिवसांत तिनं पहिल्यांदा कुणाचं तरी म्हणणं मोडलं होतं.

“या घरात एक कारस्थान शिजतंय,” ओडेलनं सुरुवात केली. “एका वृद्ध स्त्रीला वेड लागलंय असं भासवायचं, तिला घराबाहेर काढायचं. हल्ली फोनवरून दूरची यंत्रं चालवता येतात. मिनिआपोलिसमधून पंखा फिरवता येतो. आणि असा डावखुरा माणूस या खोलीत आहे!” त्यानं पिशवी नाचवली. “कीथ, हे बोल्ट ओळखतोस?”

“नाही,” कीथ गोंधळून म्हणाला. “काका, मी तर तुम्हाला दूरचित्रवाणीचा आवाजही कमी करून देऊ शकलो नव्हतो, आठवतंय?”

“नाटकी उत्तर! लव्होन, लिहून घे.”

पातेल्यातून वाफ वर चढू लागली होती. ओडेल दुसऱ्यांदा पिशवी नाचवणार, एवढ्यात डोक्यावर भर्र आवाज झाला आणि पंखा सुरू झाला. आर्डिस दोन्ही हात एप्रनला पुसत होती. कीथचे हात टेबलावर होते, फोन कोटात, कोट बाहेरच्या खुंटीवर.

“आई,” कीथ उठला. “तू हात लावला नाहीस.”

“तेच तर सांगत होते रे,” आर्डिस म्हणाली.

कीथनं पंख्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पंखा फिरतच राहिला. त्या हादऱ्यानं मायक्रोवेव्हही खडखडू लागला, आणि त्याच्या व कपाटाच्या मधल्या फटीतून घडी घातलेल्या कागदांचं एक टोक हळूहळू बाहेर सरकलं. लव्होननं ते चिमटीत धरून ओढलं. ती माहितीपुस्तिका होती, चार पदरी घडी केलेली, नवीकोरी. कागद निघताच मायक्रोवेव्ह डावीकडे बोटभर खचला. खाली पातेलं उकळत होतं आणि पातेल्यापाशी आर्डिस होती.

“कीथ, धर!” लव्होन ओरडली. तीस वर्षांत चारशे मुलं ज्या आवाजानं गप्प व्हायची तो आवाज होता. कीथनं दोन्ही हातांनी मायक्रोवेव्ह पेलला. लव्होननं बहिणीला बाजूला ओढलं, शेगडी बंद केली, वरचं कपाट उघडून कपांमागचा प्लग काढला. खोली एकदम शांत झाली.

मग तिनं पुस्तिका उघडली आणि मोठ्यानं वाचलं. “‘खालच्या शेगडीची उष्णता वाढल्यास यंत्राच्या रक्षणासाठी पंखा आपोआप सुरू होतो. उष्णता उतरेपर्यंत तो बटणानं बंद करता येत नाही. हा बिघाड नव्हे.’”

लव्होननं पान उलटलं. “‘यंत्र वरच्या कपाटातून तीन लांब बोल्टांनी आवळावे. तिन्ही आवश्यक.’ शेजारी चित्र आहे.” तिनं चित्र ओडेलच्या नाकासमोर धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याची पिशवी.

ओडेलनं चित्र पाहिलं. पिशवी पाहिली. टोपी काढली.

“खालून भोकं तिन्ही पाडली होती मी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पण दोन भोकांवर आर्डिसच्या लग्नातले कप होते. ते हलव म्हणणं बरं दिसलं नसतं. आणि एका बोल्टावर राहिलं की छान. उरलेले दोन बहुतेक मीच चमच्यांत टाकले. खडखड वाजत होतं, तेवढं पुस्तिकेनं थांबवलं.”

“मी हलवले असते रे कप,” आर्डिस म्हणाली.

“मग तिरकं झालंय हे तू का नाही सांगितलंस?”

“बरं दिसलं नसतं.”

म्हणजे दोन महिने एक अवजड यंत्र एका बोल्टावर आणि दोन माणसांच्या सभ्यतेवर टांगलेलं होतं. लव्होनला हसावं की दोघांना बदडावं ते कळेना. तिनं कप एकेक करून खाली काढले, पिशवी फाडली आणि कीथनं खालून पेललेल्या मायक्रोवेव्हला वरून दोन्ही बोल्ट आवळले. मायक्रोवेव्ह सरळ झाला, तसा तिनं प्लगही पुन्हा लावला. ओडेलनं मध्येच पाना धरायला हात पुढे केला, तो तिनं परत पाठवला.

कीथ हात चोळत आईसमोर बसला. “चुकलं माझं, आई.”

“काही नाही रे, ठीक आहे,” आर्डिस सवयीनं म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “नाही. ठीक नाही. दोन महिने मी त्या बटणाकडे बघत उभी राहत होते. तू म्हणालास म्हणून मला खरंच वाटायला लागलं होतं, की मीच दाबते आणि विसरते. मग किल्ल्या, गोळ्या, सगळंच पुन्हा पुन्हा तपासायला लागले. व्हर्नन कुठल्या वर्षी गेला तेही एकदा बायबलात जाऊन बघून आले.”

लव्होनला रडू आलं. चोपन्न वर्षांत या घरात कुणी एका दमात इतकं बोललं नव्हतं. कीथनं ते चकचकीत पत्रक घेतलं, घडी घातली आणि खिशात कोंबलं.

“तरी एकदा नुसती बघून येऊ या का? जेवणही चांगलं असतं म्हणे,” त्यानं विचारलं, पण त्यात आता काही जीव नव्हता.

“नाही.”

“बरं, पुढच्या महिन्यात?”

“नाही, कीथ.” तिनं लाटणं उचललं. “आणि तिसऱ्यांदा विचारू नकोस. माझं उत्तर रीतीतलं नाही, खरं आहे.”

निघताना दारात नेहमीप्रमाणे अर्धा तास गेला. टोपी हातात फिरवत ओडेल म्हणाला, “आर्डिस, तो वरचा दिवा जरा लुकलुकतोय. मी एकदा बघून...”

“नको.”

“अगं, त्यात त्रास कसला?”

“नको, ओडेल.”

ओडेलनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. लव्होननं टोपी त्याच्या डोक्यावर दाबली आणि त्याला गाडीत नेऊन बसवलं.

गाडी तापेपर्यंत ओडेलनं खिशातून वही काढली. “प्रकरण अठ्ठाविसावं,” तो लिहिता लिहिता म्हणाला. “सुटलं. गुन्हेगार: उष्णता.”

“आणि साथीदार?” लव्होननं विचारलं.

ओडेलनं घाईनं काचेवरचा बर्फ पुसणारे वायपर सुरू केले. पुसलेल्या काचेतून लव्होनला समोरची उजळलेली खिडकी दिसली. कीथ बटाटे सोलत होता. दार बंद असूनही पंख्याची घरघर बाहेर ऐकू येत होती. मग उष्णता उतरली असावी, कारण घरघर आपोआप थांबली. आर्डिस लेफ्सा लाटत होती. तिनं वर पाहिलंही नाही.